दवाखान्यातली हवा आणि भेटायला जाणारे आपण



गळीत हंगाम ऐन भरात आला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या दवाखान्यांपुढची गर्दी वाढते. पहाटेची थंडी, पाचटाची धूळ, रात्रपाळीचं जागरण, त्यात तोडणीच्या टोळ्या लेकरांबाळांसह कोप्यांत उतरलेल्या. खोकला-तापाशिवायचं घर सापडणं अवघड. सकाळी दहाच्या सुमाराला कोणत्याही ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा खाजगी डॉक्टरांच्या व्हरांड्यात डोकावून बघा. एका बाकड्यावर पाच-सहा जण खेटून बसलेले असतात. एकाच्या बोटाला कोयता लागलेला, एक पोटुशी बाई तपासणीला आलेली, एक म्हातारा साखरेची गोळी न्यायला आलेला (साखर पिकवणाऱ्यांच्या घरातली ही साखर, हा विषय पुन्हा केव्हातरी), एकीच्या मांडीवर सहा महिन्यांचं मूल, आणि या सगळ्यांच्या मध्ये महिनाभर खोकणारा एक जण. नंबर लागेपर्यंत तास-दीड तास सहज जातो. त्या तास-दीड तासात काय घडतं, तेच आम्हाला आज सांगायचं आहे.

रोग कसा लागतो याबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे, नशिबात असेल तर लागेल. दुसरा म्हणजे रोग्याचं ताट, अंथरूण, कपडे, सगळ्यालाच रोग चिकटलेला असतो. वास्तविक प्रत्येक रोगाची वाट निराळी. पटकी, हगवण पाण्यातून येते, हिवताप डासातून, खरूज अंगाला अंग लागून. एकदा वापरलेल्या सुईतून ब प्रकारची कावीळ जाते, म्हणून इंजेक्शन घेताना नवी सिरिंज डोळ्यांदेखत फोडायला सांगावी, त्यात संकोच नको. डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे हात ही आणखी एक वाट, त्याला साबण-पाण्याचा इलाज आहे. पण क्षय, गोवर, कांजिण्या, फ्लू, कोविड यांची मुख्य वाट श्वासाची. ती दिसत नाही आणि साबणाने धुता येत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात खरा घोळ होतो तो इथं.

पाठीवरच्या पंपाने औषध फवारण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. नोझल जाड असेल तर थेंब तिथल्या तिथं पानावर पडतात. नोझल बारीक असेल तर धुकं होतं आणि वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या रानात जातं. खोकल्याचंही असंच. खोकताना जाड थेंब आणि बारीक थेंब दोन्ही उडतात. जाड थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात. बारीक थेंब हवेतच सुकतात आणि त्यांतला जंतू मिलिमीटरच्या एखाद-दुसऱ्या हजारांश भागाएवढ्या कणावर बसून तरंगत राहतो. क्षयाचे असे कण कोंडलेल्या खोलीत तासन् तास तरंगतात आणि इतके बारीक असतात की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. गोवराचा रोगी खोलीतून उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथली हवा लागण करू शकते. म्हणजे खोकणारा माणूस तपासून घरी गेला, बाकडं रिकामं झालं, त्याच्या जागी ती मांडीवर मूल घेतलेली बाई बसली, तरी तिच्या मुलाची सुटका झाली असं नाही. गोवराच्या लशीचा पहिला डोस नवव्या महिन्याला असतो. सहा महिन्यांच्या मुलापाशी तेवढंही संरक्षण नसतं.

हवेतून क्षय पसरतो याला पुरावा काय, असं कुणी विचारलं तर त्याचंही उत्तर आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा नळीने वरच्या मजल्यावर नेऊन गिनिपिगच्या पिंजऱ्यांवर सोडली. रोग्याचा आणि त्या प्राण्यांचा संबंध फक्त हवेचा. तरीही त्यांना क्षयाची लागण झाली. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की वॉर्डातले सगळे रोगी सारखे घातक नव्हते. बहुतेक लागण मोजक्याच रोग्यांमुळे झाली होती, आणि त्यांत औषध लागू न पडलेले रोगी जास्त होते.

भिती कुणाची धरायची

इथं आपल्या देशातला एक प्रयोग सांगितलाच पाहिजे. त्यानं साऱ्या जगाची रीत बदलली. १९५६ साली मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचारांचं केंद्र सुरू झालं. तोपर्यंत समज असा की क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्ये ठेवायचं, चांगली हवा, विश्रांती, दूध-अंडी द्यायची, आणि घरच्यांपासून दूर ठेवायचं. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असंच सॅनिटोरियम होतं. मद्रासच्या मंडळींनी दाटीवाटीच्या गरीब वस्तीतले १९३ रोगी घेतले. काहींना सॅनिटोरियमला पाठवलं, काहींना घरीच ठेवलं. औषध दोघांना एकच. वर्षाने पाहिलं तर बरं होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. दोन्हीकडच्या रोग्यांच्या घरच्यांवर पाच वर्षं नजर ठेवली, आणि घरात रोगी ठेवलेल्या कुटुंबांत क्षय जास्त झाला, असं आढळलं नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. घरच्यांना जी लागण व्हायची ती उपचार सुरू होण्याच्या आधीच होऊन गेलेली असते. औषध नियमित सुरू झालं की रोग्याची रोग पसरवण्याची ताकद झपाट्याने उतरते. साध्या क्षयात साधारण दोन आठवड्यांत ती बरीच ओसरते. तेव्हाची औषधं आजच्याइतकी जालीम नव्हती, तरी हा निकाल आला. (औषधांना दाद न देणारा क्षय निराळा. त्याला दुसरी औषधं लागतात, आणि योग्य औषध मिळेपर्यंत तो पसरत राहतो.)

आणि आपण काय करतो? रोगाचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, की त्या माणसाचं ताट-वाटी वेगळी करतो, गोठ्याशेजारी खाट टाकतो, सूनबाई असेल तर माहेरी पाठवतो. आणि महिना-दोन महिने ज्याचा खोकला अजून कुणी तपासलेला नाही, तो पारावर, एस.टी.त, सोसायटीच्या बैठकीत आणि दवाखान्याच्या बाकड्यावर आपल्या खांद्याला खांदा लावून बसतो. भिती धरायची ती अशा न तपासलेल्या खोकल्याची. गोळ्या घेणारा रोगी त्या मानानं सुरक्षित. ताटा-कपड्यातून तर क्षय पसरतच नाही. फुप्फुसाबाहेरचा, म्हणजे मणक्याचा किंवा गाठींचा क्षय तर सहसा दुसऱ्याला लागत नाही. असं असताना एखाद्या सुनेचा संसार मोडायचा, याला शहाणपण कसं म्हणायचं?

याच ओघात तोडणी मजुरांबद्दल दोन शब्द. 'टोळ्या आल्या की रोग येतात' हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो. रोग घेऊन कोण येतो याचा हिशेब मांडायला बसलो तर तो आपल्या दारीही येऊन थांबेल. कोपीतल्या बाईला खोकला झाला तरी तिला खाडा परवडत नाही. मुकादमाची उचल फेडायची असते, म्हणून ती दवाखान्यात येतच नाही, आली तर फार उशिरा येते. मुलांच्या लशीचे डोस गावाकडे राहून जातात. तिला लवकर तपासणीला आणणं हे तिच्या इतकंच आपल्याही फायद्याचं आहे, कारण बाकडं एकच आहे. ज्यांच्या फडात टोळी उतरली असेल त्या सभासदांनी आणि गटाच्या चिटबॉयनं आशाताईंना वेळीच कळवलं, तरी मोठं काम होईल.

भेटायला जाणारी जीप

आता थोडं लांब जाऊ या. २०१५ साली दक्षिण कोरियात मर्स नावाच्या रोगाची साथ आली. मूळ अरबस्तानातला, उंटांकडून माणसाकडे येणारा हा विषाणू. एक प्रवासी गृहस्थ तिकडून मे महिन्यात परतले, ताप आला, आणि निदान होईपर्यंत या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरले. त्यांच्याच मजल्यावर दाखल असलेल्या एका तरुणाला लागण झाली. तो राजधानी सोलच्या एका नामांकित मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आला. २७ ते २९ मे, असे तीन दिवस तो तिथं होता. मर्स आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्या एका माणसापासून तिथं ८२ जणांना लागण झाली. संपूर्ण साथीत १८६ जण आजारी पडले आणि ३८ जण दगावले.

कोरिया काही मागास देश नाही. यंत्रं, औषधं, डॉक्टर यांत आपल्या कितीतरी पुढे. मग असं का व्हावं? त्या ८२ जणांची फोड पाहिली की उत्तर मिळतं. ३३ जण तिथले इतर रोगी होते. डॉक्टर-नर्स मंडळी फक्त ८. आणि ४१ जण, म्हणजे बरोबर निम्मे, रोग्यांसोबत राहिलेले किंवा भेटायला आलेले लोक होते. कोरियातही रोग्याची सेवा घरच्यांनीच करायची, उशाशी रात्रंदिवस बसायचं, आप्तेष्टांनी भेटायला जायचं, ही रीत होती. एका दवाखान्यात गुण नाही आला की दुसरा, तिथं नाही आला की तिसरा मोठा, हीही रीत. वाचताना आपल्या तालुक्याचंच वर्णन वाटावं!

आपल्याकडे कुणाला दाखल केलं की पहिल्याच संध्याकाळी जीपभर माणसं निघतात. न गेलं तर नातं तुटतं, सोयरीक दुखावते. शहाळं, बिस्किटचा पुडा, सोबत दोन पोरं आणि घरात एकटं ठेवता येत नाही म्हणून म्हातारी. खाटेभोवती दहा जण, शेजारच्या खाटेभोवती आणखी दहा जण, कुणी खाटेवरच टेकलेलं. शेजारच्या खाटेवर काय आजार आहे, हे कुणी विचारत नाही. बरेचदा ते अजून डॉक्टरांनाही कळलेलं नसतं. तपासण्या चालू असतात.

या मायेला नावं ठेवावीत असं आम्हाला मुळीच वाटत नाही. शहरात माणूस दवाखान्यात एकटा पडतो, तसं आपल्याकडे होत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण माया दाखवायला खाटच लागते असं नाही. रोग्यापाशी एक धडधाकट माणूस राहावं, शक्यतो तेच ते, रोज नवा नको. तान्ही मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि साखरेचा आजार असलेले यांनी वॉर्डात जाऊ नये. साखरेचा आजार असलेल्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी त्या घरची पाण्याची पाळी धरावी, म्हशीची धार काढावी, डबा पोचवावा, मुलांना आपल्याकडे झोपायला न्यावं. रोगी घरी आला की ओसरीवर बसून हव्या तेवढ्या गप्पा माराव्यात.

एक गोष्ट अशा वेळी हटकून विसरली जाते. भेटायला जाणारा अर्ध्या तासात उठतो, पण वॉर्डातली आया, मामा, झाडूवाली बाई, नर्स या सगळ्यांना त्या हवेत रोज आठ-आठ तास काढावे लागतात. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या त्या प्लेगाने, आणि तो त्यांना पुण्याच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना लागला. तेव्हा उपाय ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहेत. वॉर्डातल्या आयेला खोकणाऱ्या रोग्यापाशी जाताना चांगला, नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क मिळतो का, हे रुग्ण कल्याण समितीवर असणाऱ्या आपल्या सभासदांनी एकदा जाऊन विचारावं.

खिडकी आणि पिशवी

उपाय म्हटला की लोकांना वाटतं मोठी यंत्रं लागणार. पेरू देशाच्या लिमा शहरात काही संशोधकांनी आठ रुग्णालयांतल्या सत्तर खोल्यांची हवा मोजली. त्यांचं काम २००७ साली प्रसिद्ध झालं. दारं-खिडक्या सताड उघडल्यावर खोलीतली सगळी हवा ताशी मध्यम मानाने २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांचं मान १२ होतं. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत तर ४०. मग त्यांनी हिशेब मांडला की उपचार न झालेल्या क्षयरोग्यांसोबत चोवीस तास काढले तर किती जणांना लागण होईल. यंत्राच्या खोलीत शंभरात ३९, नव्या पद्धतीच्या इमारतीत खिडक्या उघडून ३३, आणि जुन्या इमारतीत ११.

आता आपल्या तालुक्याच्या गावी नव्याने झालेले दवाखाने आठवा. काचेची केबिन, बुटकं छत, बंद खिडक्या, ए.सी. बाहेर थांबणाऱ्यांसाठी जिन्याखालची कोंदट जागा. घरोघरी बसवलेला भिंतीवरचा ए.सी. खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही. बंद खोलीतला पंखाही कण नुसते घुसळतो. पंखा उपयोगी पडतो तो समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असतील तेव्हा. डॉक्टरांनी वाऱ्याच्या बाजूला बसावं आणि रोगी खिडकीच्या बाजूला, म्हणजे हवा डॉक्टरांकडून रोग्याकडे आणि तिथून बाहेर जाईल. थांबणाऱ्यांसाठी सर्वांत उत्तम जागा म्हणजे अंगणातलं लिंबाचं झाड. त्याखाली चार बाकडी टाकली तर वीजबिलही येत नाही.

दुसरा उपाय तोंडावरचा. काणी रोगाच्या उसाला शेंड्यातून काळा चाबूक निघतो, तेव्हा शहाणा शेतकरी तो चाबूक तसाच उपटत नाही. आधी त्यावर पिशवी चढवतो आणि मग बेट खणून जाळतो, कारण चाबूक हलला की काळी भुकटी वाऱ्यावर सगळ्या फडात जाते. खोकणाऱ्याच्या तोंडावरचा मास्क म्हणजे ती पिशवी. दक्षिण आफ्रिकेत बाल्टिमोरसारखाच एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रोग्यांनी एक दिवस साधा सर्जिकल मास्क लावायचा, दुसऱ्या दिवशी नाही, असं आळीपाळीने केलं. मास्क नसलेल्या दिवसांची हवा ज्या ९० गिनिपिगना मिळाली त्यांतल्या ६९ना लागण झाली. मास्कच्या दिवसांची हवा मिळालेल्या ९०पैकी ३६ना. चार-पाच रुपयांचा कागदी मास्क, आणि धोका निम्म्याहून कमी.

कोविडनंतर मास्कचा लोकांना कंटाळा आला, हे आम्ही जाणतो. गावभर मास्क लावून फिरा, असं आमचं म्हणणं नाही. दवाखान्याच्या पायरीवर चढताना मात्र खोकणाऱ्यानं तो लावावा. नसेल तर उपरणं, रुमाल, पदर दुहेरी करून तोंडावर धरावा. तेही नसेल तर हाताच्या कोपरात खोकावं, तळहातात नको, कारण तोच हात पुढे दाराच्या कडीला आणि दुसऱ्याच्या हाताला लागतो.

तिसरा उपाय रांगेचा. केंद्र सरकारने २०१० साली हवेतून होणाऱ्या संसर्गाबाबत दवाखान्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतला एक मुद्दा असा की केसपेपर काढतानाच खोकणारे रोगी ओळखावेत, त्यांना मास्क द्यावा, वेगळं आणि मोकळ्या हवेत बसवावं, आणि आधी तपासून मोकळं करावं. हे आधी तपासणं लोकांना पटत नाही. 'आम्ही आठपासून बसलोय, हा आत्ता आला आणि आत कसा गेला?' म्हणून भांडण होतं. पण खोकणाऱ्याला आधी सोडण्यात त्याच्यावर मेहेरबानी नाही, रांगेतल्या बाकीच्यांवर आहे. कंपाउंडरने पुढे सोडलं तर त्याची कॉलर धरू नका.

आणि विनाकारण रांगेत उभंच राहू नये. पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी गेला, तेव्हा घाबरलेली माणसं हजारोंनी नायडू रुग्णालयात तपासणीसाठी धावली. त्यांत साधी सर्दी असलेले आणि काहीच नसलेलेही होते. फ्लू नसलेल्यानं फ्लूच्या रांगेत तासन् तास काढण्यासारखा धोका दुसरा नाही. साधी तक्रार, जुन्या गोळ्यांची पुढची चिठ्ठी, दाखला असल्या कामांसाठी गर्दीची वेळ टाळून दुपारी जावं.

राहिला मुख्य मुद्दा, न तपासलेल्या खोकल्याचा. खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, वजन उतरलं, थुंकीत रक्त दिसलं, तर खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नका. थुंकीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत मोफत होते, औषधंही मोफत, साध्या क्षयाला सहा महिन्यांची. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून रोग्याच्या खात्यावर पैसे येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा १००० रुपये झाली आहे. खाजगी डॉक्टरांनाही २०१२ पासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करावी लागते. त्यामुळे आरोग्य खात्याचा माणूस घरी आला तर बोभाटा झाला म्हणून घाबरू नका. घरातल्या इतरांना, विशेषतः लहान मुलांना तपासून गरज असेल तर प्रतिबंधक गोळ्या द्यायला तो येतो.

थुंकीचा नमुना देताना डबी घेऊन मोकळ्या अंगणात, माणसांपासून लांब जावं. संडासात, न्हाणीत किंवा तपासणीच्या खोलीत नमुना काढू नये, कारण जोरात खोकून बेडका काढताना जितके कण उडतात तितके एरवी उडत नाहीत. नुसती लाळ चालत नाही, छातीतला बेडका हवा. त्यासाठी सकाळी उठल्याबरोबर चूळ भरावी, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि मग खोकावं. झाकण घट्ट लावून डबी त्याच सकाळी केंद्रावर पोचवावी.